विमानानं सव्वा तास

“हे काय, आलंच आता,” अण्णा म्हणाले, तेव्हा आम्ही अजून उमरेडसुद्धा गाठलं नव्हतं.

ड्रायव्हरशेजारी बसून, मान मागं वळवून ते बोलत होते. मधल्या सीटवर पुण्याचे हेंद्रे: मनोहरराव, त्यांच्या पत्नी शैलजाताई आणि खिडकीशी त्यांचा मुलगा सुजित, ज्याच्याशी माझं लग्न ठरत आलं होतं. सगळ्यात मागं, पिशव्या आणि संत्र्यांची करंडी यांच्यामध्ये अंग चोरून मी आणि आई. हेंद्रे मंडळी त्या दिवशी सकाळच्या विमानानं नागपूरला उतरली होती आणि संध्याकाळच्या विमानानं परत जाणार होती. मधल्या वेळात आमचं घर बघायचं, जेवायचं, जमलं तर साखरपुड्याची तारीख धरायची, असा त्यांचा बेत होता.

आमचं घर सिरोंच्याला. नकाशात महाराष्ट्र जिथं खाली बोटासारखा निमुळता होऊन संपतो, तिथं. त्यापुढं नदी आणि नदीपलीकडं दुसरं राज्य. नागपूरहून सकाळी निघालं आणि वाटेत काही बिघडलं नाही, तर माणूस दिवेलागणीला पोचायचा. हे अण्णांना माहीत होतं, मला माहीत होतं, आईला माहीत होतं आणि ड्रायव्हरला तर होतंच. माहीत नव्हतं ते फक्त मधल्या सीटवरच्या तिघांना.

आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा नागपूरला भरला होता. तिथं अण्णांनी माइक हातात घेऊन ओळख करून दिली होती, “दिगंबर बगाडे, औषधांचं दुकान, मुक्काम नागपूरजवळ.” मी शेजारीच उभी होते. त्यानंतर फोनवर हेंद्र्यांनी गावाची चौकशी केली, तेव्हा अण्णा म्हणाले, “पुणं-नागपूर विमानानं सव्वा तास हो. सकाळी निघाली तर पोरगी जेवायला घरी.” एकदा नाही, दर फोनला. ऐकणाऱ्याला वाटावं की विमान आमच्या दुकानाच्या पायरीशीच लागतं.

मला दाखवण्याचा कार्यक्रमही नागपूरला, नानाकाकांच्या घरी झाला. तिथं सगळं पसंत पडलं. पण शैलजाताई जुन्या वळणाच्या. “मुलगी कुठल्या घरात वाढली ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय आमच्यात सुपारी फोडत नाहीत,” असं त्यांनी कळवलं, आणि अण्णांनी लगेच हो म्हणून टाकलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नानाकाकांच्या स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं होतं.

“अण्णा, उद्या संध्याकाळचं विमान आहे त्यांचं. आपण तोवर सिरोंच्याला पोचणारसुद्धा नाही.”

“पाहू गं. एकदा गाडीत बसलेलं माणूस मधेच कशाला उतरते? तिथं नदी पाहतील, तुझ्या आईच्या हातचं खातील, राग विसरून जातील. विमान काय, दुसऱ्या दिवशीही असतेच.”

“आणि विचारलं तर?”

“मी खोटं काहीच बोललो नाही. सव्वा तासाचं विमान आहे की नाही?”

आई तिथंच कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं होतं, ती तरी काही बोलेल. कारण मी अण्णांइतकीच तिचीही मुलगी होते.

अण्णांची बाजू मला कळत नव्हती असं नाही. सिरोंच्याचं नाव काढलं की लोक मागं सरायचे. दोन-तीन चांगली स्थळं निव्वळ अंतरामुळं हातची गेली होती. औषधकंपनीचे लोक, डॉक्टर, पाहुणे, सगळ्यांना त्यांनी आयुष्यभर ‘जवळच आहे’ म्हणूनच ओढून आणलं होतं, आणि आलेला माणूस बहुतेकदा हसून सोडून द्यायचा. पण मला सोडून द्यायचं नव्हतं. माझ्या संसाराचा पाया त्यांच्या त्या ‘जवळच’वर घालायचा, याची मला चीड आली होती. मी बी.एस्सी. झालेली, गावच्या शाळेत शिकवणारी मुलगी, पुणं बघायची मलाही हौस होती. पण अशी चोरून नव्हे.

भिवापूर गेलं. नागभीड गेलं. शैलजाताईंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

“अजून किती हो, बगाडे?”

“हे काय, समोरच. तुम्ही जंगल पाहा ना, विहीणबाई. असा साग तुमच्या पुण्यात पाहायला मिळणार आहे काय?”

‘विहीणबाई’ ऐकून शैलजाताईंच्या भुवया वर गेल्या. मनोहरराव मात्र मोकळा माणूस. बँकेतून निवृत्त झालेले, कशाचंही कौतुक करणारे. ब्रह्मपुरीला चहा-आलूबोंड्यासाठी थांबलो, तेव्हा ते म्हणाले, “आता एवढ्यात काही खायला नको. घरी जेवायचंच आहे.”

“खाऊन घ्या, खाऊन घ्या,” अण्णा म्हणाले, “जेवायला थोडंसं मागंपुढं होईल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हातातला कप खाली ठेवला आणि सुजितकडं वळले. तो मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता.

“तुम्हाला कोणी सांगितलंय का, गाव किती लांब आहे ते?”

“बाबांना माहितेय,” तो म्हणाला. “का? तिकडं रेंज येते ना?”

मी उत्तर देणार एवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. जोरात धरलं. चेहऱ्यावर काही नाही, आणि बोटं मात्र अशी रुतलेली की हात सोडवून घेता येईना. “गाडीत चल,” ती हळू म्हणाली. मी गाडीत जाऊन बसले. अण्णांपेक्षाही मला त्या क्षणी आईचा राग आला. अण्णांचा स्वभावच तसा. पण हिला काय झालं? हिलाही लेक उजवायची एवढी घाई झाली होती का, की कशीही आणि काहीही सांगून?

वैनगंगेच्या पुलावर गाडी आली, तसं मनोहररावांनी काच खाली केली. “वा! हीच का ती तुमच्या घरासमोरची नदी?”

अण्णा पुढं रस्त्याकडं वळले. “हीच... म्हणजे असं पाहा, हिचंच पाणी पुढं आमच्याकडं जाते.”

“पुढं म्हणजे?”

“म्हणजे पुढं.”

ड्रायव्हर खोकला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. हे खरंही होतं, हाच तर मोठा संताप होता. वैनगंगेचं पाणी प्राणहितेला मिळून आमच्या घरासमोरून जातंच. अण्णा एक अक्षर खोटं बोलत नव्हते आणि एक अक्षर खरंही बोलत नव्हते.

गडचिरोली आली. आता हेंद्र्यांना वाटलं की पोचलो. शैलजाताईंनी पर्समधून कंगवा काढून केस सारखे केले, साडीच्या निऱ्या नीट केल्या. गाडी बाजारातून निघाली, चौक ओलांडला, आणि गाव मागं पडलं. त्यांनी कंगवा परत आत ठेवला. पेट्रोल पंपाशी ड्रायव्हरनं गाडी आत घेतली.

“साहेब, इथंच टाकी फुल करून घेतो. समोरचा भरवसा नाही.”

“समोरचा म्हणजे काय?” मनोहररावांनी विचारलं. “आपण कुठं चाललोय?”

“हा तसाच बोलते,” अण्णा म्हणाले. “डिझेलची सवय आहे त्याला. इथून चामोर्शी जवळच आहे आणि वाटेतच मार्कंड्याचं देऊळ. एवढं जुनं देऊळ तुम्ही सोडून जाणार काय?”

मनोहरराव हसले, पण पहिल्यासारखे नाही. “बगाडे, आम्हाला संध्याकाळी विमान आहे, एवढं लक्षात ठेवा.”

“आहे ना लक्षात.”

गाडी पुन्हा निघाली. दोन्ही बाजूंना धानाची बांधी, मधेच मोहाची झाडं, आणि रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नाही. मग शैलजाताई मागं वळल्या. त्यांचा सूर मऊ झाला होता. मला वाटतं, आपण उगाच कुरकुर करतोय असं त्यांना वाटलं असावं. आज इतक्या वर्षांनी मी त्यांच्याबद्दल वाईट बोलू शकत नाही, ते त्या पुढच्या बोलण्यामुळंच.

“सुलभाताई,” त्या आईला म्हणाल्या, “तुम्ही अगदीच गप्प आहात. मुलगी लांब चालली म्हणून वाईट वाटतंय का? मनात काही आणू नका. आमच्याकडं सुनेला अडवून ठेवत नाहीत. दिवाळी, संक्रांत, वाटेल तेव्हा पाठवू. सव्वा तास तर विमान.”

आईनं हसल्यासारखं करून मान हलवली.

“आणि तुम्हीसुद्धा यायचं. तिला कधी बरं नसलं, बाळंतपण असलं, तर मी फोन करायचा अवकाश, संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात पाहिजे. नाही आलात तर मी ऐकून घेणार नाही हं. एवढ्या जवळ असून आई येत नाही, म्हणजे काय? तसं झालं तर मी तोंडावर बोलणार.”

हे त्या हसत म्हणाल्या. अगदी मायेनं.

“गाडी थांबवा,” आई म्हणाली.

ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही. आईनं पुढं वाकून मधल्या सीटवर हात आपटला. “गाडी थांबवा म्हणते ना.”

माझ्या आईचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. चामोर्शी अजून यायची होती. आई पिशव्या ओलांडून खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मग आम्ही सगळेच उतरलो. अण्णा सगळ्यात शेवटी.

“मळमळतंय का?” शैलजाताईंनी विचारलं.

“नाही,” आई म्हणाली. “ताई, आमचं गाव जवळ नाही. आपण जेवढे आलोय त्यापेक्षा पुढची वाट खराब आहे, आणि अजून निम्मीही संपलेली नाही. आज पोचायला रात्र होईल. इथून मागं फिरलात तर तुमचं विमान मिळेल.”

मनोहररावांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा रस्त्याकडं पाहत होते.

“बगाडे, हे खरं आहे?”

“तसं म्हटलं तर...”

“तसं नाही आणि असं नाही. खरं आहे का?”

“रस्ता जरा खराब आहे आमच्याकडं. पण विमान सव्वा तासाचंच आहे, हे तुम्ही स्वतःच पाहिलं ना सकाळी. मी खोटं बोललो काय?”

मनोहररावांचा चेहरा लाल झाला. “अहो, तुम्ही काय आम्हाला लहान मुलं समजता? घरी जेवायला म्हणून बोलावता, आणि हे माहीत असताना आम्हाला अर्ध्या रानात आणून सोडता? मला आधी सांगितलं असतं तर मी दोन दिवस काढून आलो असतो. लांब असणं हा काय गुन्हा आहे? पण फसवणं हा आहे.”

“फसवलं कुठं...”

“फसवलंच,” मी म्हणाले. मला गप्प बसवेना. “अण्णा, तुम्ही यांना फसवलंत आणि मलाही त्यात ओढलंत. उद्या मी त्या घरात गेले असते, तर रोज कुठल्या तोंडानं वावरले असते? नागपूरजवळची मुलगी म्हणून?”

“तू मधे बोलू नको. हे सगळं तुझ्यासाठीच केलं ना मी?”

“माझ्यासाठी?” माझा आवाज चढला. “मी कधी सांगितलं होतं तुम्हाला, माझं गाव लपवा म्हणून? मला नाही लाज वाटत सिरोंच्याची. तुम्हाला वाटते.”

हे लागलं त्यांना. शैलजाताई मात्र माझ्याकडं किंवा अण्णांकडं बघतच नव्हत्या. त्या आईसमोर उभ्या होत्या.

“सुलभाताई, तुम्हाला माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं. मग तुम्ही आत्ता का बोललात?”

“मला पोरगी पुण्यात द्यायची होती,” आई म्हणाली. “आमच्यासारखं तिच्या वाट्याला येऊ नये, म्हणून मी तिचा हात धरून तिला गप्प बसवलं. पण मघाशी तुम्ही म्हणालात ना, एवढ्या जवळ असून आई येत नाही म्हणजे काय. ते मी एकदा ऐकलंय.”

“सुलभा, आता हे इथं कशाला?” अण्णा म्हणाले.

आईनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. ती शैलजाताईंशीच बोलत राहिली, शेजारणीशी बोलावं तशी, आवाज न चढवता.

“माझं माहेर सातारचं. आमच्या लग्नात यांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, रात्री गाडीत झोपायचं, उठलं की नागपूर, आणि गाव तिथून जवळच. मी हळदीच्या अंगानं नागपूरला उतरले, ती पुढं चालतच राहिले. एक बस झाली, दुसरी झाली, मग लाकडाच्या ट्रकमध्ये बसलो. वाटेत मुक्काम पडला, तेव्हा मी यांना विचारलं, अजून किती? हे म्हणाले, आलंच आता.”

मनोहररावांनी मान खाली घातली. मघापासून तेही तेच ऐकत आले होते.

“त्या वेळी विमान नव्हतं, रात्रीची गाडी होती. एवढाच फरक,” आई म्हणाली. “माझ्या घरच्यांनी ते खरं धरलं. कोणी बघायला आलं नाही, कोणाला कळलं नाही. मग माझी आई आजारी पडली. पावसाळा होता. गावाबाहेर पडायची अल्लापल्लीची वाट बंद. नाले उतरेपर्यंत आम्ही घरात बसून. मी पोचले तेव्हा आई जाऊन तिचं तेरावंसुद्धा झालं होतं.”

“अगं आई गं,” शैलजाताई म्हणाल्या.

“ते झालं असतं सहन. पाऊस कोणाच्या हातात असतो? पण दादानं, माझ्या भावानं, दारातच विचारलं, रात्रीच्या गाडीवर राहतेस आणि आत्ता येतेस? मी यांच्याकडं बघितलं. म्हटलं, हे सांगतील. गाव लांब आहे, वाट बंद होती, एवढं म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर लग्नात सांगितलेलं खोटं पडलं असतं. हे म्हणाले, दुकान सोडून निघता येईना.”

मी अण्णांकडं पाहिलं. ते रस्त्यावरच्या खडीकडं बघत होते.

“आणि तुम्ही?” मनोहररावांनी हळू विचारलं.

“मी गप्प बसले. नवऱ्याला चारचौघांत, माझ्याच माहेरी, खोटं कसं पाडायचं? नवीन संसार होता. वहिनीनं मग आत नेऊन सांगितलं, आई शेवटी दाराला कडी लावू देत नव्हती. सुलभा रात्रीच्या गाडीनं येईल म्हणायची. मी आले नाही असं समजून ती गेली. दादानं त्यानंतर मला कधी बोलावलं नाही. भाऊबीज नाही, काही नाही. मी पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही.”

मामा तिरसट आहे, माणूसघाणा आहे, म्हणून तुझी आई माहेरी जात नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला ते सांगितलं होतं अण्णांनीच. शाळेत सुट्टी लागली की बाकीची मुलं मामाच्या गावाला जायची आणि मी त्या न पाहिलेल्या मामाला मनात शिव्या द्यायची. आईसमोरदेखील दिल्या होत्या. ती ऐकून घ्यायची. माझ्या अंगाचा इतका संताप झाला, की रस्त्याकडेला उभं राहून मला रडूही येईना.

“अण्णा,” मी म्हणाले, “मामा तिरसट ना?”

ते पायानं खडी सारत राहिले.

“बोला ना. तिरसट ना मामा?”

“त्या वेळी सुचलं नाही,” अण्णा म्हणाले. “नंतर बोलायला तोंड राहिलं नाही. दर वर्षी वाटायचं, सांगून टाकू. आणखी एक वर्ष गेलं की आणखी कठीण होऊन जायचं.”

ते खरं बोलत होते, आणि मला कीव आली नाही. आजही येत नाही. एक वाक्य होतं ते. तेवढं न बोलल्यामुळं माझी आई तिच्या घरच्यांच्या लेखी दगड ठरली, आणि हा माणूस रोज सकाळी तिच्या हातचा चहा पिऊन दुकान उघडत होता.

शैलजाताईंनी पदर डोळ्याला लावला. मग त्या नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, “आपण निघू या.” आणि माझ्याजवळ येऊन माझ्या गालाला हात लावला. “तुझ्यात खोट नाही. पण या पायावर नातं नको.”

ते लग्न मोडलं, हे वेगळं सांगायला नको. सुजितचा पुढं एकदा फोन आला होता, चांगलं बोलला. मीच नको म्हटलं. आई एवढं बोलत असताना तो गाडीला टेकून उभा होता आणि त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, हे मी विसरू शकले नाही. दोन वर्षांनी चंद्रपूरला माझं लग्न झालं. बघायला आलेल्या मंडळींना चहा देण्याआधी मी गावाचं अंतर सांगितलं होतं, पावसाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं वेगवेगळं. सासरे अजून त्यावरून मला चिडवतात.

पण त्या दुपारी अजून एक गोष्ट व्हायची होती. गाडी एकच होती. हेंद्रे तीच घेऊन मागं फिरणार, आणि आम्ही चामोर्शीपर्यंत मिळेल त्या वाहनानं जाऊन तिथून एस.टी. पकडणार, असं ठरलं. मी आमच्या पिशव्या खाली काढायला लागले. माझी काढली, अण्णांची काढली. आईची काढायला हात घातला, तर ती म्हणाली, “ती राहू दे.”

मला कळलं नाही.

आई शैलजाताईंकडं गेली. “ताई, तुमच्या त्या विमानात जागा असेल का? नसली तर मला नागपूरला स्टेशनवर सोडा. मी रेल्वेनं जाईन.”

“कुठं?”

“सातारला.”

मनोहरराव पुढं झाले. “तिकीट बघू आपण विमानतळावर. मिळेल. आणि पुण्याहून सातारची काळजी तुम्ही करू नका.” शैलजाताईंनी मधल्या सीटचं दार उघडलं, आत सरकल्या आणि शेजारची जागा हातानं झटकली. सुजित मुकाट्यानं मागं, आमच्या जागी जाऊन बसला.

“सुलभा, हे काय आता?” अण्णा तिच्यामागं गेले. “लोक काय म्हणतील? घर उघडं पडेल.”

“घराला कुलूप आहे. चावी शेजारच्या वैजूकडं दिलीय.”

“मी येतो सोबत. तू एकटी कधी गेली आहेस काय एवढ्या लांब?”

“तुम्ही नको. तुम्ही आलात की तिथं परत काहीतरी सांगाल.”

अण्णांचा हात गाडीच्या दारावर होता. तो तसाच राहिला. त्यांचे डोळे भरले होते, पण आई ते बघायला थांबली नाही. तिनं एक पाय आत ठेवला, साडी गोळा केली आणि शैलजाताईंच्या शेजारी बसली. माझ्याकडं बघून म्हणाली, “गेल्यावर दूध नासलं असेल, ते फेकून दे. आणि यांना उपाशी ठेवू नको.”

“आई, कधी येशील?”

“येईन की.”

“पण जाऊन करणार काय तू?” अण्णा म्हणाले. “एवढ्या वर्षांनी? तुझा दादा दारात तरी उभं करेल काय?”

“करेल नाहीतर नाही करणार,” आई म्हणाली. “तो सत्तरीला आलाय. तो आहे तोवर त्याला सांगून येते, मी किती लांब होते ते.”

तिनं दार ओढून घेतलं, आणि ड्रायव्हरनं गाडी नागपूरच्या दिशेला वळवली.